फुकणीची ओळ

हे लिहायचं मी किती वर्षं टाळलं ते आता मोजत बसत नाही. टाळायला कारणं मिळत गेली. आधी पोलीस केस चालू होती, मग घरी बायको होती, मग ती गेली, मग गुडघे बोलायला लागले. आता ऐंशी ओलांडली आहे आणि कारणं संपली आहेत. आमच्या पेठेत आजही कुणाला विचारा, त्या गाणाऱ्या पोराचा गळा कुणी फोडला? एकच उत्तर मिळेल: पलीकडच्या पेठेतल्या तालमीच्या पोरांनी. हे खोटं आहे. त्या सकाळी पलीकडच्या तालमीचा एकही माणूस आमच्या दारात आला नव्हता. गळा मी फोडला आणि खोटंही मीच पसरवलं.

मी कोल्हापुरातल्या आमच्या पेठेच्या तालमीचा वस्ताद होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. कुस्तीच्या हौद्यातली लाल माती तीच होती, पण तीत उतरणारे कमी झाले होते. पोरं जिमला जायला लागली होती, आरशासमोर उभी राहून दंड बघायला. तालमीची वरची खोली रिकामी पडली होती. एका संध्याकाळी चौघं जण ती खोली मागायला आले.

"सराव करायचाय, वस्ताद."

"कसला सराव?"

"बँडचा."

"कुठल्या लग्नाला वाजवता?"

मागं उभा असलेला ड्रमवाला फिस्सकन हसला. पुढचा हसला नाही. "लग्नाचा न्हवं. रॉक बँड. नवीनच काढलाय. गाणी बी आमचीच."

"नाचता येतंय का त्यावर?"

"नाचता न्हाय येत," तो म्हणाला. "भांडता येतंय."

मला ते उत्तर आवडलं. मी खोली दिली.

बोलणारा तो गाणारा होता. शिरोळकडचा. घरी ऊस होता, थोरला भाऊ शेती बघायचा, आणि हा इथं एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत साचे भरायचा. चोवीस-पंचवीस वर्षांचा, अंगानं काटकुळा. दोन्ही हातांवर वितळलेल्या लोखंडाचे शिंतोडे उडून पडलेले काळे डाग होते. ड्रमवाला गुळाच्या व्यापाऱ्याच्या घरातला, घरी कानडी बोलणारा. त्याचे वडील त्याला लिंगाची शपथ घालून दुकानात बसवायचे आणि तो मागच्या दारानं पळून यायचा. बाकीचे दोघे गिटारवाले इंजिनिअरिंग कॉलेजातले. त्यांच्याकडं या प्रकरणात कसलाच दोष जात नाही.

पहिले काही दिवस वर कुणी पत्रे बडवतंय असंच वाटायचं. एकदा न राहवून जिना चढलो. गाणारा भिंतीला टेकून बसला होता आणि एकच वाक्य वेगवेगळ्या तऱ्हेनं म्हणत होता. समोर वही नाही, पेन नाही.

"लिहून ठेवत न्हाईस?"

"ध्यानात ऱ्हायलं न्हाय तर ते गाण्याजोगं नव्हतंच म्हणायचं."

"पण गाणं करतोस कसं?"

तेव्हा त्यानं सांगितलं. "मारामारीत पहिला हात उठायच्या आधी माणूस एक वाक्य बोलतोय बघा, वस्ताद. शिवी न्हवं. शिवी कोन बी देतंय. शिवीच्या शेजारचं वाक्य. ते एकच त्याचं सोताचं असतंय. त्याच्यानंतर हात बोलत्यात, आणि हात सगळ्यांचे सारखंच बोलत्यात."

अशी वाक्यं शोधत तो हिंडायचा. सुट्टीच्या दिवशी एसटी स्टँडवर, कोर्टाच्या आवारात, कारखान्यासमोर ट्रॅक्टरांच्या रांगेत जाऊन उभा राहायचा आणि भांडण पेटायची वाट बघायचा. वाक्य मिळालं की त्यातला एक शब्द हलवायचा नाही. यमक जुळवायचं नाही. "यमक जुळवाय लागलो की त्याच्या तोंडात माझी जीभ घातल्यागत हुतंय," म्हणायचा. चालसुद्धा त्या माणसाच्या बोलण्यातून काढायचा, आणि ड्रमवाल्याला सांगायचा, भांडताना त्याचा श्वास जसा चालला होता तसं वाजव. पण एक गोष्ट तो सगळ्यांत जास्त पाळायचा. गाणं झालं की ज्याचं वाक्य त्याला आधी ऐकवायचं. तो हो म्हणाला तर लोकांसमोर गायचं, नाही म्हणाला तर सोडून द्यायचं.

पेठ वडगावच्या जनावरांच्या बाजारात एका शेतकऱ्यानं बैल विकला. दलाल दावं हातात घेऊन त्याला म्हणाला, नाव काय ह्याचं? शेतकरी म्हणाला, "बैल न्या, नाव सांगणार न्हाय." दलाल हसला. शेतकऱ्यानं हातातली काठी उलटी धरून त्याच्या तोंडावर मारली. दोन दात रक्तासकट शेणात पडले. आमच्या गाणाऱ्यानं हे समोर उभं राहून बघितलं होतं. पुढच्या बाजारी तो त्या शेतकऱ्याला हुडकून भर उन्हात गाणं म्हणाला. शेतकऱ्यानं आधी खाडकन मुस्काटात दिली. "माझ्या बैलावर गाणं करतोस व्हय रं?" मग जरा वेळानं म्हणाला, "पुन्यांदा म्हण, पावणं." दुसऱ्यांदा ऐकल्यावर त्यानं बैलाचं नाव सांगितलं. ते नाव गाण्यात मात्र कधी आलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, "ते मला सांगितलंय, लोकांस्नी न्हाय."

फौंड्रीत एकाचा हात भाजला. सुपरवायझर म्हणाला, "दुसरा हाय की." भाजलेल्या माणसानं त्या दुसऱ्या हातानं लोखंडी सळई उचलली. हा मध्ये पडला आणि सळई याच्या भुवईवर बसली. पाच टाके घालून संध्याकाळी सरावाला हजर. आठ दिवसांनी मी विचारलं, "गाण्याचं काय झालं?"

"सुपरवायझरला ऐकवाय गेलतो. न्हाय म्हणाला."

"मग?"

"मग सोडलं. वाक्य त्याचं हाय."

"तुझी भुवई फुटली की रं!"

"भुवई माझी. वाक्य त्याचं."

मला तो पोरगा कळायचा नाही, पण मला त्याच्या तोंडी यायचं होतं. हे कबूल करतो. पेठेत मला मान होता, फेटे बांधून घेतले होते, पण आपलं बोलणं कुणी इतकं जपून ठेवावं असं कधी झालं नव्हतं. म्हणून मी त्याला गोष्टी सांगायला लागलो. कुठल्या मैदानात कुणाला काय म्हणालो, कुणाची बोटं मोडली, दंगलीत तलवारीसमोर नुसत्या काठीनिशी कसा उभा राहिलो. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "हे तुमी लई जणांस्नी सांगितलंय, वस्ताद. गुळगुळीत झालंय."

एका दुपारी आम्ही माती मळत होतो. तेल, ताक, हळद घालून हौदा खणायचा असतो. तोही हौसेनं फावडं घेऊन उतरला होता. तिथं मी त्याला कुणालाच न सांगितलेली गोष्ट सांगितली. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची. माझा तयार केलेला पैलवान कुरुंदवाडच्या मैदानात पडला होता, अगदी तीन मिनिटांत. लोकांनी माझ्याकडं बघून टाळ्या वाजवल्या होत्या. मी घरी आलो तेव्हा बायको चुलीपुढं भाकरी थापत होती. मान वर न करता ती म्हणाली, "पडला तो. तुमी का पडल्यासारखं चालताय?"

"मग?" गाणाऱ्यानं विचारलं.

"मग काय. दिली एक चापट."

"जोरात?"

"चापट म्हणजे चापट."

त्यानं फावडं खाली ठेवलं. "काकींनी थापायचं थांबवलं का?"

"न्हाय," मी म्हणालो. तेवढं खरं होतं.

मी वाट बघत राहिलो, की तो येईल, मला बसवून गाणं ऐकवेल आणि विचारेल. तो आलाच नाही. मला वाटलं, हेही गुळगुळीत निघालं असेल.

त्याच्या हिशेबानं ते वाक्य माझं नव्हतंच. मी तालमीत असताना एका सकाळी तो माझ्या घरी गेला. हे मला नंतर बायकोकडून कळलं. तिनं त्याला उजव्या बाजूला बसवलं, कारण डाव्या कानानं तिला ऐकू यायचं नाही. त्यानं स्टीलच्या डब्यावर बोटांनी ठेका धरला आणि हळू आवाजात गाणं म्हणून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "चापट म्हणाले व्हय?"

"व्हय, काकी."

"चापट न्हाय. फुकणी होती."

फुकणी म्हणजे चुलीतला जाळ फुंकायची लोखंडी नळी. हातभर लांब. त्या दिवशी ती चुलीशेजारी पडली होती आणि मी ती उचलली होती. डाव्या कानावर बसली. कानातून रक्त आलं, गळ्यावरून खाली चोळीत उतरलं, आणि तिनं हातातली भाकरी थापून तव्यावर टाकली. त्यानंतर तो कान गेला. माहेरी तिनं सांगितलं, कान फुटला, थंडीनं.

गाणाऱ्यानं तिला विचारलं, "हे घेऊ का गाण्यात? न्हाय म्हणालासा तर सगळंच सोडतो."

"घे की. म्हण," ती म्हणाली. "एका कानानं ऐकीन."

गणपतीत पाचव्या दिवशी संध्याकाळी मंडळाच्या मांडवात त्यांचा कार्यक्रम ठेवला होता. मीच शिफारस केली होती. मी पुढं खुर्चीत, गळ्यात टॉवेल, मांडीवर नारळ. बायका एका बाजूला सतरंजीवर. दोन-तीन गाणी झाली, लोकांना काही कळलं, काही नाही. बैलाच्या गाण्याला मागच्या बाजूनं कुणी तरी हंबरलं आणि हशा झाला. मग गिटार थांबल्या आणि ड्रमवाल्यानं काठ्या खाली ठेवून तळहातांनी वाजवायला सुरुवात केली. थप, थप, थप. भाकरीचा आवाज.

"पडला तो. तुमी का पडल्यासारखं चालताय?"

आधी तो अगदी सपाट म्हणाला, तव्याकडं बघत म्हणावं तसं. मग पुन्हा. मग गिटार घुसल्या आणि तो तेच ओरडायला लागला. मांडव उठला. तरण्या पोरांनी शिट्ट्या घातल्या, सगळी पेठ ते वाक्य म्हणायला लागली. मला घाम फुटला होता, पण सुखही होत होतं. मग वाजणं बंद झालं आणि तो माइकजवळ येऊन म्हणाला:

"चापट न्हाय. फुकणी होती."

लोक खो खो हसले. कुणाचं काय, कुणालाच माहीत नव्हतं. तिथं फक्त तिघांना माहीत होतं. मी मान वळवून बायकांकडं पाहिलं. ती ताठ बसली होती, हात मांडीत, उजवा कान स्टेजकडं. तिच्या शेजारच्या बाया हसत होत्या आणि ती माझ्याकडं बघत होती.

घरी आल्यावर मी दार लावलं. "तू सांगितलंस?"

"मीच."

मी हात उचलला. ती हलली नाही. पदर नीट केला आणि म्हणाली, "मारा की. त्याला तिसरी ओळ लागंलच."

मी हात खाली घेतला. पण तो हात कुठं तरी जाणार होता, हे मला तेव्हाच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी गल्लीतली शेंबडी पोरंसुद्धा ते गाणं म्हणत होती. दाढी करायला गेलो तर न्हावी वस्तरा माझ्या गळ्यावर धरून गुणगुणत होता, "चापट न्हाय, फुकणी होती." तालमीतली पोरं म्हणाली, "वस्ताद, झ्याक गाणं हाय!" आणि दुपारी पहिली ओळ वेगळ्याच कामाला लागली. पलीकडच्या तालमीचा एक पैलवान त्या वर्षी एका मोठ्या मैदानात चीत झाला होता. त्यांची पोरं चौकातून जाताना आमच्या पोरांनी सुरू केलं: "पडला तो! तुमी का पडल्यासारखं चालताय?" पहिला दगड तिकडून आला. मांडवाची ट्यूब फुटली. मग विटा, मग काठ्या. आमच्यातल्या एकाचं डोकं फुटलं, त्यांच्यातल्या दोघांची. एका बाईनं स्वतःच्या वाक्यातून केलेली विचारपूस आमच्या पेठेनं एका दिवसात दगड करून फेकली. मी खुर्चीत बसून बघत होतो. मी थांबवलं असतं तर थांबलं असतं. मी थांबवलं नाही.

त्याच्या पुढच्या सकाळी मी गाणाऱ्याला निरोप धाडून बोलावलं. तो तिसरी पाळी करून तसाच आला, डोळे लाल, अंगाला फौंड्रीच्या वाळूचा वास. तालमीत दुसरं कुणी नव्हतं. सगळे मांडवात पहाऱ्याला होते.

"वस्ताद, राग आलाय व्हय?" त्यानं सरळच विचारलं.

"न्हाय. शर्ट काढ. मातीत ये."

"मला कुठं कुस्ती येत्या?"

"शिकवतो की."

तो हसला. शर्ट काढला, घडी करून कठड्यावर ठेवला आणि हौद्यात उतरला. मी छपन्न वर्षांचा होतो, पण रोज मेहनत केलेलं शरीर होतं. पहिल्यांदा त्याला उचलून टाकला तेव्हा तो हसत हसत उठला. दुसऱ्यांदा टाकला तेव्हा त्याचं तोंड मातीत गेलं. तो थुंकला, म्हणाला, "बास, वस्ताद, लागतंय." तिसऱ्यांदा मी त्याला मुद्दाम खांद्यावर पाडला आणि हाड निखळल्याचा आवाज झाला. तेव्हा त्याला कळलं. तो रांगत कठड्याकडं निघाला. मी पायाला धरून मागं ओढला, उताणा केला, छातीवर गुडघा ठेवला आणि उजवा कोपर त्याच्या गळ्यावर घातला.

"आता म्हण," मी म्हणालो. "म्हण की."

त्याचे ओठ हलले. त्याला काय म्हणायचं होतं ते मला आजही माहीत नाही. तो निखळलेला हात सोडून दुसऱ्या हातानं माझ्या पाठीवर थापा मारत होता. तालमीत पाठीवर थाप आली की सोडायचं. शेकडो पोरांना पहिल्या दिवशी मीच हे शिकवलंय. मी सोडलं नाही. मी अंगाचा भार टाकला. कोपराखाली काही तरी मोडलं, आधी कट्ट असं बारीक, मग ओलसर. त्याचे डोळे मोठे झाले. नाकातोंडातून रक्त आलं आणि मातीत मिसळून काळं झालं. त्यानंतरही मी उठलो नाही. किती वेळ, ते सांगता येणार नाही. कुणी म्हणेल, रागात भान गेलं. भान होतं. खिडकीतून येणारं ऊन त्याच्या पोटावर पडलं होतं आणि पोट कसं आत ओढलं जात होतं ते मी बघत होतो.

मग त्याच्या गळ्यातून शिट्टीसारखा आवाज आला आणि मी भ्यालो. त्याला खांद्यावर टाकलं आणि तसाच चौकात धावलो. मांडवातली पोरं उठून उभी राहिली. ती काही विचारायच्या आत मी ओरडलो:

"मारला रं पोराला! पलीकडच्यांनी घुसून मारला!"

ते वाक्य माझं होतं, स्वतःचं. मी आधी ठरवलेलं नव्हतं.

ड्रमवाल्यानं रिक्षा आणली आणि तो गाणाऱ्याला मांडीवर घेऊन दवाखान्यात गेला. उरलेली बारा-पंधरा पोरं पलीकडच्या पेठेत गेली. त्यांना समोर जो पहिला सापडला तो त्या तालमीचा पैलवान सायकलवरून दुधाचे कॅन घेऊन चालला होता. आदल्या दिवशीच्या मारामारीत तो नव्हतासुद्धा. गावी गेला होता. त्याला सायकलवरून ओढला. एकानं पाय धरला आणि दुसऱ्यानं गजानं गुडघ्यावर घाव घातले. मी मागून पोचलो तेव्हा रस्त्यावर दूध सांडलं होतं, त्यात रक्त आणि त्यात तो. तो ओरडत होता, "आरं मी काय केलं? सांगा तर!" कुणी सांगितलं नाही. मीही नाही. त्या पायानं तो पुन्हा मातीत उतरला नाही. आमची तीन पोरं त्यापायी आत गेली. त्यातल्या एकाची लागलेली नोकरी गेली. त्या तिघांना आणि त्या पैलवानाला वाटतं की त्या दिवसाची सुरुवात पलीकडच्या पेठेतून झाली. माझ्यापासून झाली.

दवाखान्यात गाणाऱ्याच्या गळ्याला खाली भोक पाडून नळी घातली होती. दोन दिवसांनी फौजदार जबाब घ्यायला आले. मी पलंगाशी उभा होतो, हातात शहाळं. फौजदारांनी त्याच्या पुढं कागद धरला. "कोण होते? नावं लिही. भ्यायचं न्हाय."

त्यानं पेन घेतलं. माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, आपण एखाद्याची वाट बघतो तसं पाहिलं. मग सावकाश लिहिलं, "मागून मारलं. दिसलं नाही."

त्या संध्याकाळी माझी बायको दवाखान्यात गेली. एकटीच. परत आली आणि चप्पल काढायच्या आधी म्हणाली, "तुमीच केलंसा."

मी टॉवेल झटकून खुंटीला अडकवला.

"मी त्याला म्हणलं, नाव लिही. मी साक्ष देते. त्यानं काय लिहून दाखवलं म्हाईत हाय? 'ते वस्तादांचं वाक्य आहे. त्यांनी बोलावं.'"

तिनं पुढं कधी तो विषय काढला नाही. कुणाला सांगितलंही नाही. पण त्या दिवसापासून जेवायला, देवळात, लग्नाच्या पंगतीत, जिथं म्हणून आम्ही शेजारी बसलो तिथं ती माझ्याकडं डावा कान करून बसली. दोन हजार सालानंतर चार-पाच वर्षांनी ती गेली. तिलाही मी काही म्हणालो नाही. शेवटच्या आजारात एकदा म्हणायला गेलो, पण तेव्हाही मी डाव्याच बाजूला बसलो होतो आणि उठून पलीकडं जाणं मला जमलं नाही.

बँड त्यानंतर महिन्यातच मोडला. ड्रमवाला दुकानात बसायला लागला. गाणारा शिरोळला परत गेला.

बायकोच्या वर्षश्राद्धानंतर मी शिरोळला गेलो. त्या पावसाळ्यात नदीचं पाणी घराघरांत शिरून नुकतंच उतरलं होतं. भिंतींवर पुरुषभर उंचीवर गाळाची रेघ. उसाची पानं चिखलानं राखाडी झाली होती. पत्ता मी ड्रमवाल्याकडून घेतला होता. एसटीत पूर्ण रस्ताभर मी तीन वाक्यं पाठ करत होतो. गळा मी फोडला. खोटं मी बोललो. मला माफ कर. दुसरं काही बोलायचं नाही, कारणं सांगायची नाहीत, असं ठरवलं होतं.

तो अंगणात ट्रॉलीचा चिखल धूत होता. मला बघून त्यानं पाइप खाली टाकला.

"वस्ताद? या की. बसा."

त्याचा आवाज म्हणजे पत्र्यावर वाळू ओतावी तसा. एकेक शब्दाला श्वास लागत होता. गळ्यावर नळीच्या जागी सुरकुतलेली खूण. त्याच्या आईनं चहा आणला. "हे कोल्हापूरचं वस्ताद न्हवं? ह्यांनीच उचलून दवाखान्यात धाडलंतं तुला," ती म्हणाली आणि माझ्या पाया पडायला वाकली. मी पाय मागं ओढले. त्यानं आईला थांबवलं नाही आणि खरं काय तेही सांगितलं नाही. तो कपात बघत बसला.

"पाणी कुठवर आलतं?" मी विचारलं.

त्यानं भिंतीकडं बोट केलं.

"ऊस सुधारंल का?"

"सुधारंल थोडा."

"गातोस का कधी?"

हे मी का विचारलं ते मला माहीत नाही. तो म्हणाला, "न्हाय." आणि मग कप खाली ठेवून बसला. माझ्यासाठी जागा करून दिल्यासारखा. मी बशीतला चहा संपवला, पुन्हा बशी तोंडाला लावली. ती रिकामी होती.

निघालो तेव्हा रस्त्यात अजून चिखल होता म्हणून त्यानं ट्रॅक्टर काढला. मी चाकावरच्या पत्र्यावर त्याच्या शेजारी बसलो. इंजिनचा आवाज इतका होता की शेजारचं बोललेलं ऐकू येणं शक्य नव्हतं, आणि त्या आवाजात माझं तोंड उघडलं. पहिलं वाक्य मी अर्धं बोललो असेन. "गळा..." एवढं.

त्याला काही तरी कळलं असावं. त्यानं रस्त्याच्या मधोमध ट्रॅक्टर उभा केला आणि इंजिन बंद केलं. एकदम सगळं शांत झालं. दोन्ही बाजूंना चिखलात लोळलेला ऊस. तो माझ्याकडं वळला.

"बोला, वस्ताद," तो म्हणाला.

तिन्ही वाक्यं पाठ होती. मी त्याच्या गळ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "कोल्हापूरची एसटी किती वाजता हाय?"

त्यानं पुन्हा रस्त्याकडं तोंड केलं. मग म्हणाला, "पाचला." आणि त्यानं इंजिन सुरू केलं.